बहात्तर वर्षांची काच

माझ्या डाव्या डोळ्याची पुढची काच माझ्याहून पन्नास वर्षांनी मोठी आहे. हे सांगितलं की माणसं आधी हसतात, मग माझ्या डोळ्यात डोकावतात, आणि मग त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: म्हाताऱ्या माणसाचा डोळा टिकतो का हो? टिकतो. तो बसवून मला पंचवीस वर्षं होऊन गेली. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी दोघे-तिघे तेवढ्यात वर गेले, डोळा आहे तिथंच आहे.

आमचं गाव मोताळ्यापासून बैलगाडीनं दीड-दोन तासांवर. जिल्हा बुलढाणाच, पण प्रांत तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड होता. इंग्रज नुकतेच गेले होते, राजधानी नागपूरच होती, आणि ज्या गोष्टीचा निकाल गावात लागत नसे ती नागपूरला जायची. जमिनीचे तंटे जायचे, तसा माझा डोळाही गेला.

पण त्याआधी सासऱ्यांविषयी सांगायला हवं, कारण माझ्या डोळ्याचं जे काही झालं ते त्यांच्या हुशारीमुळं झालं. ते बैलपारखी होते. मोताळ्याच्या बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी यांना शोधत यायचा. हे बैलाचा ओठ वर करायचे, दात पाहायचे आणि वय सांगून मोकळे व्हायचे. विकणारा पोराबाळांची शपथ घेऊन सांगत असायचा की बैल चारदाती आहे, ऐन उमेदीतला आहे. सासरे बोटं धोतराला पुसत म्हणायचे, "जुळला हाय, सारे दात आले. पुढच्या पोळ्यापर्यंत बसन." आणि तो बैल पुढच्या पोळ्याच्या आतच बसायचा. एकाही बैलाबद्दल त्यांचं म्हणणं खोटं ठरल्याचं मी तरी ऐकलं नाही.

विद्या खरी होती, अडचण एवढीच की त्यांनी ती बैलांपुरती ठेवली नाही. विहीर, मोट, सोयरीक, वैद्य, पुढारी, कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचा पहिला प्रश्न वयाचा. जुनं झालं की निकामी, हा त्यांचा सिद्धांत. स्वतः सत्तरीला टेकले होते आणि बांधापलीकडं चरणारा बैल कुणाचा हे ओट्यावरून सांगायचे. सिद्धांतातून त्यांनी एकच वस्तू वगळली होती, ती म्हणजे ते स्वतः.

माझा उजवा डोळा लहानपणी देवीत गेला होता. तशा मुलीला स्थळ मिळणं कठीण, म्हणून माझ्या वडिलांनी लग्नात पांढरीशुभ्र बैलजोडी द्यायचं कबूल केलं. मांडवात सासऱ्यांनी बैलांचे दात पाहिले, आणि ते इतके मनासारखे निघाले की मुलीच्या तोंडाकडं पाहायचं राहूनच गेलं. माझं लग्न असं दोन बैलांच्या भरवशावर झालं. बैल चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही.

लग्नाला तीन वर्षं होत आली असताना कापूस वेचताना पऱ्हाटीचं वाळकं टोक माझ्या उरलेल्या डोळ्यात गेलं. गावातल्या जाणत्यांनी उपचारांची कसर ठेवली नाही. कुणी शेळीचं दूध घातलं, कुणी मध, आणि एका गृहस्थानं तर कसलीशी पूड नळीनं आत फुंकली. महिनाभरात डोळा दुखायचा थांबला आणि त्यात पांढरंफेक फूल पडलं. त्यानंतर मला उजेड कळायचा, समोर कुणी उभं आहे हे कळायचं, माणूस की खांब हे कळायला त्यानं बोलावं लागायचं. मुलगी रांगायला लागली होती. तिच्या पायात घुंगरू बांधलं आणि ती कुठं गेली ते कानानं पाहायला लागले.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळं घरात बाईमाणूस मी एकटीच. भाकऱ्या मी थापायची, भाजायची, फक्त कधी एक करपायची, कधी मीठ दोनदा पडायचं. चालताना पावलं मोजायची, उंबरा अंगठ्यानं चाचपायची. सासरे जेवताना काही बोलायचे नाहीत. करपलेली भाकरी मात्र बाजूला काढून ठेवायचे, आणि ती ताटाच्या कडेला ठेवल्याचा आवाज मला बरोबर ऐकू यायचा. एकदा ओट्यावर बसलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं की घरात डोळस बाई पाहिजे, आता दुसरी पाहावी लागेल. तेव्हा एका घरात दोन बायका असणं कायद्यात बसत होतं आणि लोकांच्या नजरेतही. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, याविषयी काय वाटतं हे मी विचारलं. ते म्हणाले, बाबा म्हणतील तसं. माणूस वाईट नव्हता. त्यांना स्वतःचं मत नव्हतं, वडील होते.

मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा डोळा पाहून सांगितलं की आतला डोळा शाबूत आहे, पुढची काच तेवढी पांढरी झाली आहे. नागपूरला एक डॉक्टर विलायतेहून शिकून आलेत, ते मेलेल्या माणसाच्या डोळ्याची काच काढून जिवंताला बसवतात. गावात यावर आठ दिवस चर्चा झाली. मेलेल्याचा डोळा रात्री काय काय पाहील, याचे तपशील लोकांनी इतके बारकाईनं सांगितले की त्यातले काही जण जाऊन आले असावेत असं वाटावं. सासऱ्यांना त्यातलं काही पटलं नाही. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, दातांवर होता. त्यांनी मला नागपूरला न्यायचं ठरवलं, कारण सून दुरुस्त होत असेल तर दुसरी आणण्याचा खटाटोप वाचत होता.

मलकापूरहून आगगाडी धरली. इस्पितळात डॉक्टरांनी डोळा तपासला आणि सांगितलं की होईल, पण थांबावं लागेल. कुणी वारलं आणि घरच्यांनी संमती दिली तर काही तासांत डोळा काढून लगेच बसवायचा असतो. आम्ही जवळच्या धर्मशाळेत उतरलो. बाहेर आल्यावर सासऱ्यांनी पहिली शंका काढली ती डॉक्टरांविषयी. आवाजावरून मलाही ते तरुण वाटले होते, तिशीचे असतील. सासरे म्हणाले की यांना अजून मिशी नीट नाही.

अकराव्या दिवशी निरोप आला. छातीच्या दुखण्यानं एक गृहस्थ वारले होते आणि त्यांच्या बायकोनं होकार दिला होता. मी मनातल्या मनात त्या बाईच्या पाया पडले, आणि तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, वय किती. डॉक्टर म्हणाले, सदुसष्ट.

सासऱ्यांनी मेलेल्या माणसाचे दात पाहायला मिळतील का, असं विचारलं.

डॉक्टरांना आधी कळेच ना. कळलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते म्हणाले, "बाबा, डोळ्याला दात नसतात."

"मंग वय कसं कळते?"

"काच पाहून कळतच नाही. म्हणून तर चालते."

त्यांनी खूप समजावलं. माणूस म्हातारा झाला की मोतीबिंदू होतो तो आतल्या भिंगाला, ते भिंग आपण घेत नाही. आपण घेतो ती बाहेरची काच, ती स्वच्छ असली की झालं, मालक विशीचा असो की सत्तरीचा. मला ते सगळं पटत होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं. शेवटी मीच धीर करून म्हटलं, मामाजी, तुम्ही तर सत्तरीचे आहात, तुम्हाला किती लांबचं दिसतं. त्यावर ते म्हणाले, माझी गोष्ट वेगळी. एवढ्यावर त्या शहाण्या माणसाची बाजू संपली, आणि त्यांनी तरुण मेलेला माणूस मागितला. डॉक्टर म्हणाले, तरुण मरावेत अशी इच्छा धरून आम्ही इथं बसत नाही. सासऱ्यांना हे उद्धटपणाचं वाटलं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो, आणि मलकापूर येईपर्यंत ते डब्यातल्या लोकांना सांगत होते की सरकारी लोक कसा म्हातारा माल गरिबाच्या गळ्यात मारतात. लोक माना डोलवत असावेत, कारण ते पुन्हापुन्हा सांगत होते. मी खिडकीशी बसले होते. त्या दिवशी मी सासऱ्यांना मनात ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या माहेरी कुणी शिकवलेल्या नव्हत्या.

त्यानंतर घरात दोन शोध एकदम सुरू झाले. नात्यागोत्यात कुणी तरणंताठं आजारी आहे का याची सासरे हळहळत चौकशी करायचे, आणि त्याच बैठकीत कुणाची मुलगी उपवर आहे का हेही विचारायचे. दोन्हीकडं अट एकच. दिवाळी झाली, तुरी निघाल्या. तरुण डोळा काही मिळाला नाही, तरुण मुलगी मात्र मिळायची चिन्हं दिसायला लागली. तेव्हा मी माहेरी निरोप धाडला. माझा थोरला भाऊ आला आणि चार दिवस माहेरपणाला नेतो म्हणून मला आणि मुलीला घेऊन गेला. मुलगी माझ्या आईजवळ ठेवली, आणि आम्ही दोघं नागपूरला. हे माझ्या आयुष्यातलं पहिलं लबाडीचं काम. जमलं.

या वेळी डॉक्टरांनी मला बायकांच्या वॉर्डातच ठेवून घेतलं. शेजारच्या खाटेवर आमच्याच जिल्ह्यातली, अमडापूरकडची एक म्हातारी होती. पोटाचं दुखणं शेवटाला गेलेलं. नातू नागपूरच्या गिरणीत होता म्हणून तिला इथं आणलं होतं. जन्म माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, मळ्यात गेलेला, बोलायची ती वांग्यांवर, मेथीवर, आणि सुनेवर. सुनेला मेथीतलं गवत निवडता येत नाही, हे मी दिवसातून पाच वेळा ऐकायची. तिला स्वतःला दोन वर्षांपासून दिसत नव्हतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तरी गवत राहिल्याचं तिला कळायचं म्हणे, चावताना.

मी तिथं कशासाठी पडले आहे हे तिला कळल्यावर तिनं अर्धा दिवस सुनेचं नाव काढलं नाही. मग डॉक्टर फेरीला आले तेव्हा तिनं त्यांना थांबवून विचारलं, माझी काच चालेल का. त्यांनी दिवा लावून पाहिलं आणि म्हणाले, आजी, काच उत्तम आहे. ती माझ्याकडं वळली.

"पाह्य माय, मले दिसत नाही, अन् काच म्हणे उत्तम हाय. जाळून तिची राख करण्यापरिस तू घे. पण सुनेले सांगू नको, ते म्हणन मले काऊन नाई देल्ली."

नातवानं कागदावर सही केली. पाचव्या दिवशी ती गेली. तिच्यासाठी रडायचं ते मी आदल्या दिवशीच उरकून घेतलं, कारण शस्त्रक्रियेनंतर रडायला मनाई होती. हसायला, खोकायला, शिंकायला, मान वळवायलाही. दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून मी तीन आठवडे आढ्याकडं तोंड करून पडले होते. अशा वेळी भावानं सासऱ्यांचं पत्र वाचून दाखवलं. ते मी नागपूरला असल्याचं कळल्यावर रागावून लिहिलेलं होतं, आणि त्यात खाली एकच प्रश्न होता की देणाऱ्याचं वय किती. मी न हसता ते ऐकलं. या डोळ्यासाठी मी सोसलेल्या यातनांमध्ये ती सगळ्यात मोठी होती.

पट्टी सुटली तेव्हा आधी सगळं धुक्यातून दिसलं. मग दिवसागणिक धुकं पातळ होत गेलं. महिन्याभरानं मला भावाच्या अंगरख्याची तुटलेली गुंडी दिसली आणि मी ती लावायला सुई मागितली. माहेरी आल्यावर मुलगी दिसली. तिच्या हनुवटीवर नवा तीळ उमटला होता, आणि तो दीड वर्ष मला कुणी सांगितला नव्हता. याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

सासरी परतले तर अंगणात माणसं जमलेली. सासऱ्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. त्यांनी मला ओट्याच्या कडेला उभं केलं, बोटं दाखवली, मग गोठ्यातले बैल दाखवले, मग समोरच्या घराच्या कौलांवर बसलेले पक्षी मोजायला लावले. मी सगळं बरोबर सांगितलं. वर एक कौल फुटलं आहे तेही सांगितलं, ते घरमालकाला ठाऊक नव्हतं. लोक खूश झाले. सासऱ्यांनी मग सावकाश विचारलं, देणारी किती वर्षांची होती. मी खोटं बोलू शकले असते. पण त्या म्हातारीबद्दल खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं, आणि मी खरं सांगितलं, बहात्तर. तिला स्वतःला मोतीबिंदू होता हे भावानं कौतुकानं सांगून टाकलं.

झालं. अंगणातले लोक मघाशी मी मोजलेले पक्षी विसरले. सासरे म्हणाले, "आज दिसते, मान्य हाय. पण बहात्तर वर्षांची काच, अन् तेबी आंधळ्या बाईची. दोन वर्षांत बसन." मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की मुलगी पाहायचा शब्द दिलेला आहे, तो मोडायचं कारण नाही, जोडीतला एक बैल बसला तर दुसरा ओढतो. माणसांनी माना डोलवल्या. या वेळी माना डोलताना मला दिसल्या. एकूण सतरा लोक होते आणि मला दिसतं आहे हे त्यांच्यातल्या एकालाही दिसत नव्हतं.

माझ्या नवऱ्यालाही मी त्या संध्याकाळी विचारलं. ते म्हणाले, बाबांनी शब्द दिला आहे. मी म्हटलं, मला दिसतं आहे. ते म्हणाले, हो, ते चांगलं झालं.

आमच्याकडं पद्धत अशी की मुलगी पाहायला गेल्यावर घरातल्या बाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं की सोयरीक पक्की. घरातली बाई मीच. म्हणजे माझ्या सवतीला कुंकू मीच लावायचं. मी गेले नसते तर चुलत नात्यातली कुणीही गेली असती, म्हणून मी गेले. गाडीत मी नेहमीसारखी मागच्या बाजूला बसले. घुंगरं वाजत होती आणि सासरे सगळ्या रस्त्यानं मुलीच्या वयाचं कौतुक करत होते. सतरावं लागलं आहे, असं मुलीच्या बापानं सांगितलं होतं.

त्यांच्या माजघरात आम्हाला बसवलं. दुपार होती, पण खिडकी लहान. मुलगी आली ती डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढून, नजर खाली. दारात ती क्षणभर थबकली आणि पायाचा अंगठा पुढं सरकवून तिनं उंबऱ्याची कड शोधली. मग पाऊल टाकलं. डावा हात पदराआडून भिंतीला लागत होता. चार पावलं, मग वळण, मग तीन.

तशी मी दीड वर्ष चालले होते.

दाराआडून तिची आई हळू आवाजात शिकवल्यासारखी बोलत होती, आधी मोठ्यांना दे, आता शेजारच्यांना, थोडं पुढं हो. मुलगी बरोबर तेवढीच पुढं व्हायची आणि चहाची कपबशी पुढं धरून उभी राहायची, समोरचा घेईपर्यंत. आमच्याबरोबर आलेले दोन वडीलधारे प्रसन्न झाले. एकानं सांगितलं की नजर वर करत नाही पोरगी, असं वळण आता राहिलं नाही. दुसरा म्हणाला, आईच्या शब्दाबाहेर नाही. सासऱ्यांनी बापाला वय पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि समाधानानं चहा प्यायले. माझा नवरा भिंतीकडं पाहत होता. म्हाताऱ्या डोळ्याची सून चालत नाही म्हणून आलेली ही मंडळी एक आंधळी मुलगी पसंत करून बसली होती, आणि त्या खोलीत ते पाहू शकणारी एकच बाई होती, तिच्या डोळ्याचा भरवसा मात्र कुणाला नव्हता.

कुंकू लावायला मला आतल्या खोलीत नेलं. मुलीला पाटावर बसवलं. मी समोर बसले, तिचा पदर वर केला. भरपूर काजळ घातलेलं होतं, आणि काजळाच्या आत दोन्ही बुबुळांवर पांढरी फुलं. एक दाट, एक जरा विरळ. दारात तिची आई उभी होती. तिनं माझं तोंड पाहिलं आणि दाराची चौकट घट्ट धरली.

मुलगी कुजबुजली, "तुमाले दिसलं ना?"

मी हो म्हटलं.

"सांगू नका. बाबा मले घरातून काढन."

माझ्या हातात कुंकवाची डबी होती. मी बाहेर जाऊन खरं सांगितलं असतं तर माझं काम तिथंच झालं असतं. पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते दहा गावांत गेलं असतं आणि त्या मुलीला पुन्हा कुणी पाहायला आलं नसतं. गप्प बसून कुंकू लावलं असतं, तर लग्नानंतर आठ दिवसांत सासऱ्यांना कळलं असतं, आणि करपलेली भाकरी ताटाच्या कडेला ठेवल्याचा आवाज तिनं ऐकला असता. ती आणि मी, एकीच्या डोळ्यावर भरवसा नाही आणि दुसरीला डोळा नाही, अशा दोघींनी ते घर चालवलं असतं. मला तिची दया आली हे खरं. मला सवत नको होती, हे त्याहून खरं.

ती म्हणाली, "तुमचा डोळा म्हातारीचा हाय म्हणतात. पाहू द्या ना."

मी तोंड पुढं केलं. विरळ फुलाच्या बाजूनं पाहायला तिला इतकं जवळ यावं लागलं की तिचं नाक माझ्या गालाला लागलं. बराच वेळ पाहिलं तिनं. म्हणाली, तुमच्यासारखाच आहे की. मग मी तिच्या आईला जवळ बोलावलं आणि नागपूरच्या इस्पितळाचा पत्ता सांगितला, दोनदा म्हणून घेतला. म्हटलं, मिळेल त्याचा घ्या, वय विचारू नका. तिनं मान हलवली, पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या डबीकडं होतं.

मी डबी बंद करून बाहेर आले. सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

"मामाजी, पोरगी देखणी हाय, गुणाची हाय. पण सतराची नाही. पंचविशीच्या पुढं गेलेली हाय."

बाप ताडकन उठला. त्यानं देवाची शपथ घेतली, मग आईची, मग घरातल्या गुराढोरांची. सतरावंच लागलं आहे, पाहिजे तर गावाला विचारा, म्हणाला. माणूस अक्षरशः खरं बोलत होता. पण बाजारात जो सगळ्यात मोठ्यानं शपथा घेतो त्याचाच बैल सगळ्यात म्हातारा असतो, हे सासऱ्यांना चाळीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. बाप जितका ओरडत गेला तितके ते शांत होत गेले. त्यांनी दाराकडं वळून मुलीच्या आईला विचारलं, सूनबाई म्हणते ते खरं का. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं तोंड उघडलं असतं तर मी खोटी पडले असते. ती पदर तोंडाला लावून आत गेली. तो माझ्यासाठी उपकार होता की शाप, मला अजून सांगता येत नाही. सासऱ्यांना तो कबुलीजबाब वाटला. त्यांनी टोपी घातली.

मी एरवी गाडीत मागच्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून बसायची. त्या दिवशी पुढं बैलांकडं तोंड करून बसले. गाडी हलली तसे सासरे खुलले. एवढ्या अंधाऱ्या खोलीत, पदराआडचं वय मी ओळखलं, हे त्यांनी दोघा वडीलधाऱ्यांना आळीपाळीनं सांगितलं. आता दुसरी पाहायची गरज नाही, असंही म्हणाले. मग माझ्याकडं वळले, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं, आणि म्हणाले, "डोळा चांगला हाय व बाई. वय बरोबर ओळखते."

मी हो म्हटलं. मागं त्या घराच्या दारात कुणी उभं असावं, कारण आमच्यातला एक जण म्हणाला, पाहा, पोरगी बाहेर आली. मी वळले नाही. वळले असते तर मला ती दिसली असती.